चंद्रावरची तोटी

आमच्या विज्ञानाच्या सरांइतका संशयी माणूस अख्ख्या परंडा तालुक्यात झाला नाही. वर्गातला खडू संपला तरी सर भिंग घेऊन फळ्याचा तपास करत. लग्नात आमटी खारट लागली की मीठ दुसऱ्यांदा कुणी टाकलं असेल, हे वाढप्यांच्या चेहऱ्यांवरून ठरवत. कुर्डुवाडीची गाडी उशिरा आली की कंडक्टरला विचारत, "वाटेत काळ थांबला होता का हो?" तो म्हणे, "काळ न्हाय सर, टायर." आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिला, तोही त्यांच्यामुळं. प्रवेशाला ते स्वतः सोबत आले आणि रांगेतला प्रत्येकजण परग्रहावरचा असावा अशा नजरेनं बघत दिवसभर उभे राहिले.

सरांनी आयुष्यात एकच गोष्ट लिहिली. चंद्रावरच्या वस्तीतून परंड्याच्या एकानं बायकोला लिहिलेलं पत्र. त्याच्यासोबत तिथं आपल्याच भागातले चौघे राहतात, स्वयंपाकी, डॉक्टर वगैरे. त्यांतला एक हुबेहूब माणसासारखं यंत्र आहे, आणि तोच गुपचूप हवेची तोटी बंद करतोय. कोण? दाराबाहेर पडताना तिघे म्हणतात, "येतो." चौथा म्हणतो, "जातो." सगळं रहस्य त्या एका शब्दात. आपल्याकडं निघताना "जातो" कोण म्हणतं? "एक तरी वाचक पकडंल बघ," सर म्हणायचे. त्यांना तेवढंच हवं होतं.

गोष्ट एका दिवाळी अंकात आली. सरांनी ती उभ्या उभ्या वाचली आणि खाली बसले. मुद्रितं तपासणाऱ्या कुणा भल्या माणसाला ते "जातो" अभद्र वाटलं असावं. त्यानं तिथंही "येतो" केलं होतं. आता चौघेही माणसं होती आणि तोटी मात्र बंद होतच होती.

मी चिडलो. "सर, खरमरीत पत्र लिहा त्यांना!"

"लिहाच वो," सरांच्या बायको, आमच्या काकू, म्हणाल्या. "त्या तोटीपायी वरीसभर आमाला झोपू दिलं न्हाय."

"काय लिहू?" सर म्हणाले. "माझंच म्हणणं खरं केलंय त्यानं. त्याला 'जातो' लिहवेना. माणूसच की तो!"

अंक गावात फिरला. अजूनही बसस्टँडवर कुणीतरी अडवतं, "सर, तो स्वयंपाकीच ना?" दुसरा म्हणतो, "न्हाय, डॉक्टर!" सर दोघांनाही "शाबास" म्हणतात. मग जरा घुटमळतात. "कशावरून?" असं विचारायचं त्यांच्या ओठांवर आलेलं मला दिसतं, पण ते विचारत नाहीत.