तोंडानं न घेतलेलं नाव

विंझरला माझी पिठाची गिरणी आहे, त्यामुळे वरच्या वस्तीवर कुणाचं काय चाललंय ते मला दळणाबरोबर आपोआप कळतं. रतनबाईचं मात्र मला बरेच दिवस कळलं नव्हतं. ती रोज संध्याकाळी माळावर कशाला चढते, असं मी विचारलं की ती नुसती हसायची.

तिचा नवरा गेनबा किकवीजवळ हायवेच्या ढाब्यावर आचारी होता. घरी यायचा महिन्यातून एक-दोनदा. हाताला कायम कणीक, म्हणून तो मोबाईलवर लिहायचा नाही, बोलून पाठवायचा. "रतन, जेवलीस का? म्हस आटली का गं?" असलंच सगळं, त्यात प्रेमाचं एक अक्षर नाही. दोन वर्षांपूर्वी तो ढाब्यावरच छातीत दुखून गेला. मोबाईल भरून बंद पडायला लागला, तेव्हा तिच्या लेकीनं, भाटघरला दिलेल्या नूतननं, ते सगळे आवाज मोबाईलमधून काढून इंटरनेटवरच्या खात्यात ठेवून दिले. वस्तीवर रेंज नाही. नवरा ऐकायचा तर माळ चढायचा, एवढंच ते गुपित होतं.

खात्याचा पासवर्ड नूतननं बापाचं नाव ठेवला. पोरगी हुशार. आमच्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, आणि रतनबाईनं तर लग्नातल्या उखाण्यानंतर ते कधी उच्चारलंच नव्हतं. दवाखान्यात, रेशनच्या दुकानात कुणी विचारलं, तर ती शेजारणीकडे बघायची आणि शेजारीण सांगायची. म्हणजे ही पासवर्ड कुणाला सांगणारच नाही, असा नूतनचा हिशेब. ओटीपीचं दुसरं कुलूपही लावता येतं म्हणे, पण माळावर बसून दर वेळी नवे आकडे टाकणं आईला जमणार नाही, म्हणून ते राहिलं.

यंदा वाघजाईच्या जत्रेत रतनबाई देवळाच्या पारावर बसली होती. गुडघे दुखत होते, त्या दिवशी माळ चढणं काही होणार नव्हतं. मोबाईलवर एक नेटवर्क दिसलं, 'वाघजाई मोफत सेवा'. जत्रेत मंडळाचं पाणी मोफत, जेवण मोफत, तसंच हेही असणार, असं तिला वाटलं. देवीच्या नावानं आलेलं कुणी परत लोटतं का? दाबल्यावर एक पान उघडलं. त्यानं खातं विचारलं, मग पासवर्ड विचारला. तोंडानं सांगायचं नव्हतंच. तिनं एका बोटानं नवऱ्याचं नाव टाइप केलं.

आणि लागलं की ते! पारावर बसून, मोबाईल कानाला लावून तिनं म्हशीची चौकशी पोटभर ऐकली. मी समोर बांगड्या भरून घेत होते. तिचा चेहरा इतका निवांत मी आधी पाहिला नव्हता.

पुढच्या आठवड्यात माळावर खातं उघडेना. नूतन आली, रात्रंदिवस खटपट केली. पासवर्ड बदललेला, खात्याला जोडलेला नंबरही बदललेला. मंडळाच्या हनुमंताला विचारलं, तर तो म्हणाला, "आमी पाण्याची टाकी आन् स्पीकर लावला. वायफाय बियफाय आमचं न्हाई." कुणीतरी जत्रेत, तिथं रेंज पकडणाऱ्या कंपनीचा मोबाईल घेऊन बसलं होतं आणि नेटवर्कला देवीचं नाव दिलं होतं. त्या पानावर टाकलेला पासवर्ड थेट त्याच्या हातात गेला होता. नेटवर्कला नाव कुणीही, कसलंही देऊ शकतं, हे नूतननं आम्हाला तेव्हा सांगितलं. मला इतका राग आला की त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांचं दळण मी जाडंभरडं काढलं. रतनबाई रागावली नाही आणि रडलीही नाही. तिनं म्हशीला पाणी दाखवलं, भाकरी केल्या, त्या खाल्ल्या नाहीत.

मीच तिला ओढून चौकीवर नेलं. हवालदार भला माणूस होता.

"मावशी, पैसं किती गेलं?"

"पैसं न्हाई गेलं."

"मग काय गेलं?"

"मालकांचा आवाज."

त्याचा पेन थांबला. नुकसानीच्या रकान्यात त्याला रक्कम लिहायची होती. त्यानं 'निरंक' असं लिहिलं. त्याला माझ्या चेहऱ्यावर काहीतरी दिसलं असावं, कारण तो म्हणाला, "खाली सगळी हकीकत लिवतो. आवाज कुणाचा, नाव सांगा."

रतनबाई माझ्याकडे बघणार म्हणून मी सवयीनं तोंड उघडलं. तिनं बघितलंच नाही.

"गेनबा," ती म्हणाली. पीठ किती किलो, ते सांगावं तशा आवाजात. मी तिच्याकडे बघतच राहिले, तेव्हा म्हणाली, "आता कशाला जपायचं, मंगल? त्या चोराला बी ठावं हाय."

हवालदारानं नाव लिहून घेतलं.