दाव्यावरचं शिंगरू

वडील गेले तेव्हा त्यांची टांग्याची घोडी गाभण होती. नव्वदीचं दशक अर्ध्यावर आलेलं. रिक्षा वाढल्या तसा टांगा परड्यात उभा राहून सडला, पण घोडी विकायला माझं मन धजलं नाही. मी कोल्हापुरात एका कार्यालयात कारकून, चाळिशी उलटलेला, बिनलग्नाचा. कळंब्याच्या रस्त्याला दोन खोल्यांचं घर. घोडी व्याली, आणि शिंगरू पाच महिन्यांचं असताना पोटशूळ उठून दुपारच्या दुपारी गेली. मग घरात मी आणि शिंगरू, तिसरं कुणी नाही.

मी त्याला दाव्याला बांधलं. सकाळी खरारा, भिजवलेल्या हरभऱ्यांची चंदी, हिरवं गवत, आणि मी कामावर. संध्याकाळी माझी सायकल वळणावर आली की ते खिंकाळायचं. दिवसभरात कुणी माझी वाट पाहिली असेल, तर ती त्यानंच.

शेजारी वडिलांच्या जोडीचे एक म्हातारे टांगेवाले राहायचे. त्यांना मी मामा म्हणायचो. जाता-येता कुंपणाशी थांबून ते दाव्याकडे बघायचे. पूर्वी शिंगरू पंधरा दिवसांचं झालं की आईच्या टांग्याबरोबर मोकळंच पळायचं, स्टेशनपर्यंत जायचं नि परत यायचं, हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल.

“सोड की त्येला,” ते म्हणायचे. “घोड्याचं पाय चंदीनं घट्ट हुत न्हाईत, पळून हुत्यात.”

मी ट्रकांचं, कुत्र्यांचं निमित्त सांगायचो. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. सोडलेलं शिंगरू परत आलं नाही तर संध्याकाळी त्या घरात पाऊल कसं टाकायचं, याचीच मला धास्ती होती. हे मामांना कोण सांगणार? एकदा तर मी त्यांना तोडून बोललो, की घोडं माझं आहे, मला कळतं. त्यानंतर ते कुंपणाशी थांबेनासे झाले.

तीन वर्षांत शिंगराचं घोडं झालं. अंग तुकतुकीत, छाती भरलेली. रस्त्यानं जाणारे थबकून बघायचे. एवढं कौतुक होत होतं, पण मला मामांच्या तोंडून ऐकायचं होतं. म्हणून एका रविवारी सकाळी मीच त्यांच्या दारात गेलो आणि त्यांना कळंब्याच्या तलावाजवळच्या माळावर घेऊन आलो.

मामांनी घोड्याच्या पुढच्या पायांवरून वरून खाली हात फिरवला. मग म्हणाले, आज नुसतं हातात धरून चालव, महिना-दोन महिने असंच चालव, मग बघू. मला राग आला. तीन वर्षांनी यांना आणलं ते काय चालवून दाखवायला? मी दावं काढलं आणि घोड्याच्या पाठीवर थाप मारली.

ते पळालं. काय पळालं! आपल्याला पाय आहेत हे त्याला त्याच दिवशी कळलं असावं. तिसऱ्या फेरीला वळताना ते एकदम अडखळलं आणि उजवा पुढचा पाय उचलून उभं राहिलं. आम्ही पोचेपर्यंत गुडघ्याखालची मागची शीर सुजू लागली होती.

जनावरांचे डॉक्टर आले. त्यांनी सूज चाचपली, शिंगरूपणी याला कुठे पळवत होता असं विचारलं. मी दाव्याचं सांगितलं. पायाच्या या शिरा, म्हणजे कंडरा, पहिल्या वर्षातच कसदार होतात, त्या वयात पळालं नाही तर पुढे ते भरून निघत नाही, असं त्यांनी सांगितलं.

“हाडं वाढली, वजन वाढलं,” ते म्हणाले, “शिरा मात्र तान्ह्याच राहिल्या.”

मामा शेजारीच उभे होते. मी सांगितलंच होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं.

सूज ओसरली, लंगडेपणा राहिला. मी दावं कायमचं काढून टाकलं. पुढची कितीतरी वर्षं रोज कामावरून आलो की परड्याचं फाटक सताड उघडायचो आणि तलावाच्या बाजूला चालू लागायचो. त्यानं एकदा तरी मला सोडून, हवं तिकडं जावं, असं फार वाटायचं. ते लंगडत माझ्याच मागून यायचं.

लोक म्हणायचे, मुक्या जनावरानं केवढी माया लावली आहे बघा. मी हो म्हणायचो आणि त्याला चालवेल इतक्या हळू चालायचो.