पाच रुपयांचा बेंदूर

पाच रुपयांच्या जुन्या नोटेमागचं चित्र मला आजही बघवत नाही. शेतकरी ट्रॅक्टरवर बसून नांगरतोय आणि सूर्य असा फाकलाय, जणू त्याचाच सत्कार ठेवलाय. ना बांध, ना दगड, ना हद्दीवरून भांडायला उभा राहिलेला भाऊबंद. त्या ट्रॅक्टरला कधी वळावंच लागत नाही. हे काढणाऱ्यानं रान पाहिलं असेल ते आगगाडीच्या खिडकीतून.

पण त्याला हसायचा मला अधिकार नाही. सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरात एका शाळेत चित्रकला शिकवत होतो आणि हेच चित्र मुलांकडून मोठं करून काढून घेत होतो. वडील बिद्रीजवळच्या आमच्या गावी बैलजोडीवर शेती करायचे. सुट्टीला गेलो की मी ती नोट त्यांच्यापुढं धरायचो.

"बघा, सरकारनं नोटेवर छापलंय. आता बैल कोण ठेवतं?"

"सरकारनं दोनाच्या नोटंवर वाघ छापलाय. आणू का गोठ्यात?"

मी चिडलो. अडाणीपणाला औषध नाही, असं आईला ऐकवलं, आणि प्रत्येक सुट्टीत ऐकवत राहिलो. शेवटी एका उन्हाळ्यात वडिलांनी जोडी विकली. पटलं म्हणून नव्हे, माझ्या तोंडाला कंटाळून.

भाड्याचा ट्रॅक्टर आला. आमच्या चिंचोळ्या तुकड्यांत तो नीट वळेना, कोपरे तसेच राहिले. ते वडिलांनी कुदळीनं खणले. मी तेव्हा शाळेत मुलांना उगवता सूर्य कसा रंगवायचा ते सांगत होतो.

मग बेंदूर आला, मी गावी गेलो. शिंगं रंगवून, झुली घालून गावभर बैल निघाले. आईनं सवयीनं पुरणपोळी गोठ्यात आणली आणि मोकळ्या दावणीपुढं तशीच उभी राहिली. वडिलांनी माझ्याकडं हात पसरला.

"मास्तर, तुमचा बैल काढा की."

मला कळेना. त्यांनीच माझ्या खिशातून पाचाची नोट काढली, ट्रॅक्टरची बाजू वर करून दावणीत ठेवली, हळदकुंकू वाहिलं आणि पोळीचा तुकडा तिच्यापुढं धरला.

"खा म्हणावं. लाजतंय व्हय?"

दारातले शेजारी हसले. आई हसली नाही. पोळी तिनं पदराखाली झाकून शेजारच्या बैलांना नेऊन घातली.

दुसऱ्या दिवशी एसटीत तिकिटासाठी मी तीच नोट काढली. कंडक्टरनं ती उजेडात धरली.

"पावणं, नोटंचं लगीन हुतं काय?"

"बेंदूर होता," मी म्हणालो.

तो हसला, नोट पिशवीत टाकली आणि सुट्टे पैसे माझ्या हातावर ठेवले. ते मी खिशात घातले. निदान ती नोट तरी जपून ठेवायची होती. पण तेवढी अक्कल असती, तर बैलच राहिले असते.