बाबांचा दुपारचा डाव

बाबांना पत्त्यांत चांगली पानं आली की चहा लागायचा. पानं हातात लावून व्हायची, चष्मा एकदा वर-खाली व्हायचा आणि स्वयंपाकघराकडे आवाज जायचा, "अगं, अर्धा कप होईल का?" मग डाव संपेपर्यंत एकेक घोट घेत, मजेत हुकूम उतरवत बसायचे. पानं वाईट असली तर चहाचं नावही नाही. हे त्यांचं त्यांना ठाऊक नव्हतं. मला मात्र तिसरीत असल्यापासून ठाऊक होतं. पुढे पोकर खेळून मी पोट भरलं, टीव्हीवर दिसले, लोक ओळखायला लागले, त्या सगळ्याचा पहिला धडा हाच. पानं बघू नये, पानं बघणारा माणूस बघावा.

आमचं घर डोंबिवली पूर्वेला, ठाकुर्लीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावर. बाबा एमआयडीसीतल्या एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे. तेव्हा रविवारी आणि निवृत्तीनंतर रोज, दुपारी तीन ते पाच आमच्या हॉलमध्ये मेंढीकोट चालायचा. बाबा, पोस्टातले काका, रेल्वेतले काका आणि ज्यांचं मेडिकलचं दुकान होतं ते काका, असे चौघे. दोघं एका बाजूचे, दोघं दुसऱ्या. चारही दश्श्या ज्यांनी मारल्या त्यांनी समोरच्यांवर कोट चढवला, आणि कोट चढला की अशी आरडाओरड, की खालच्या मजल्यावरून विचारणा व्हायची. पैसे कधी लावले नाहीत. हरणाऱ्यांनी शनिवारी वडे आणायचे, बस. मी बाबांच्या मांडीला टेकून बसायचे आणि ते पानं माझ्यापुढे धरून हळूच विचारायचे, "काय टाकू गं ठकू?" मी बोट ठेवायचे ते पान टाकायचेही. त्यापायी हरायचे, वडे आणायचे, पण विचारायचं सोडलं नाही.

बी.कॉम. झाल्यावर मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये नोकरीला लागले. तिथल्या पोरांनी मला पोकर शिकवलं. दोन महिन्यांत त्यांनाच माझ्याबरोबर बसायची भीती वाटायला लागली, हे मी बढाई म्हणून सांगत नाहीये. ते खरंच फार बावळट होते. पानं चांगली आली की एकजण पाय हलवायचा, दुसरा मोबाइल उलटा ठेवायचा. मग गोवा, तिथल्या स्पर्धा, मग एक मोठी स्पर्धा जिंकले आणि नोकरी सोडली. घरी सांगायला गेले. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबांनी मात्र विचारलं, "रडीचा डाव नाही ना खेळत?" म्हटलं, नाही. "मग खेळ. शिकवलं कोणी?" आणि छाती पुढे काढून जे पोस्टातल्या काकांच्या घरी सांगायला गेले, ते तासाभराने परत आले.

असा बाप मिळायला नशीब लागतं, आणि त्याच बापाचं मी जे केलं ते ऐका.

पोकरची लीग टीव्हीवर आली तेव्हा मला हिंदीत समालोचनाला बोलावलं. खेळणाऱ्याची पानं प्रेक्षकांना दिसतात, मला दिसतात, समोरच्याला दिसत नाहीत. मी बोलायचे ते पानांविषयी नाहीच. "आता बघा, साहेबांनी आवंढा गिळला. आता बघा, दुसऱ्यांदा पानं उचलून बघितली. ज्याच्याकडे असतं त्याला दोनदा बघावं लागत नाही." लोकांना ते आवडलं. डोंबिवलीच्या बायकांसारखी चोंबडी बोलते, असं कुणीतरी लिहिलेलं. लिहू दे, खरंच होतं. त्यातून जाहिरात मिळाली, एका गेम शोमध्ये खुर्ची मिळाली, आणि मग एका मराठी गप्पांच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलं. हिंदीत कितीही बडबडले तरी मराठी कार्यक्रमाचं आईबाबांना अप्रूप. मलाही होतंच की.

निवेदिकेने विचारलं, "तुम्हाला वाचायला सगळ्यात सोपा चेहरा कोणाचा?"

मी क्षणभरही विचार केला नाही. जिभेला हाड असतं तर बरं झालं असतं. म्हटलं, "आमच्या बाबांचा!" आणि सगळं करून दाखवलं. चष्मा वर-खाली, मान स्वयंपाकघराकडे, आवाजसुद्धा तोच, "अगं, अर्धा कप होईल का?" प्रेक्षक हसून हसून आडवे. मला चेव आला, मी दुसऱ्यांदा केलं. "एक्का आला की एक कप, राजा आला की अर्धा," असंही जोडून दिलं, जे खरं नव्हतंच, टाळीसाठी होतं.

कार्यक्रम लागला तेव्हा मी गोव्यात होते. बाबांनी तिन्ही काकांना घरी बोलावलं होतं. आईने वडे केले होते. चौघे आमच्या हॉलमध्ये, रोजच्या सतरंजीवर, टीव्हीकडे तोंड करून बसले होते. मी फोन केला, "कसं वाटलं?" बाबा म्हणाले, "छान. साडी छान होती." मागे काकांचं हसणं ऐकू येत होतं. बाबाही हसत होते. मला वाटलं, झालं, खूश आहेत.

पुढचं आईकडून कळलं, तेही महिन्याभराने. दुसऱ्या दिवशी पत्ते वाटले आणि बाबांच्या तोंडून सवयीने चहा निघाला. तिघांनी पानं खाली टाकली आणि टाळ्या पिटल्या. बाबाही हसले. तिसऱ्या दिवशी ते गप्प बसले, तर रेल्वेतले काका म्हणाले, "आज चहा नाही? मग काय, बिनधास्त खेळा रे!" चौथ्या दिवशी पानं वाईट असताना बाबांनी मुद्दाम चहा मागून बघितला. ती लबाडी त्यांना जमली नाही, स्वतःच लाल झाले आणि तिघांनी पुन्हा धरलं. त्यात कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. आठवड्याभराने बाबांनी सांगितलं, डोळ्यांना त्रास होतो, पानं नीट दिसत नाहीत, काही दिवस राहू दे. पेपर मात्र जाहिरातींसकट वाचत होते. दुपारचा चहाही त्यांनी सोडला.

मला असं झालं, की जमीन दुभंगून आत घ्यावं. लगेच जाऊन पाय धरायला हवे होते. मी काय केलं? त्या रविवारी गेले, बाबांच्या समोर बसले आणि त्यांचा चेहरा बघितला. तो चेहरा मला स्पष्ट सांगत होता, की हा विषय नको. चेहरे वाचून घर चालवणारी बाई मी, मला वाटलं, मला कळतंय. विषय काढला नाही.

त्याऐवजी शहाणपणा केला. पोस्टातल्या काकांच्या घरी गेले आणि म्हटलं, "काका, बाबांना पुन्हा खेळायला बोलवा ना. ते चहाचं विसरल्यासारखं करा, प्लीज."

काका हसायला लागले. "अगं वेडे, ते आम्हाला तू फ्रॉक घालायचीस तेव्हापासून माहीत आहे."

"काय?"

"मग! तुझ्या बाबांना वाईट वाटेल म्हणून बोललो नाही कोणी. चहा मागितला की मी दश्शी दाबून ठेवायचो. कधी जास्तच रंगात आले असले तर टाकूनही द्यायचो. जाऊ दे गं, वड्यांचा तर प्रश्न."

मला इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू! म्हणजे मी काहीच फोडलं नव्हतं. गुपित नव्हतंच. धावत घरी आले, चपला काढता काढता सांगून टाकलं, "बाबा, तुम्ही उगाच मनाला लावून घेतलंत! त्यांना सगळं आधीपासूनच माहीत होतं!"

बाबांनी पेपर खाली ठेवला. "आधीपासून म्हणजे?"

"म्हणजे, मी लहान असल्यापासून."

"मग ते मला जिंकू देत होते?"

"नाही हो, नेहमी नाही."

"गणपतीत एकदा मी सलग तीन कोट चढवले होते. तू पाचवीत होतीस. ते?"

ज्या टेबलावर लोकांचे हात कापतात तिथे मी हातात काही नसताना डोळ्याला डोळा भिडवून बसलेय. एवढंच म्हणायचं होतं, "ते खरे होते बाबा." म्हटलंही. पण आधी मी खाली बघितलं. बाबांनी ते बघितलं, पेपर उचलला आणि उघडून तोंडासमोर धरला.

त्यानंतर दोन वर्षं आमच्या हॉलमध्ये पत्ते निघाले नाहीत. काका भेटायचे ते इमारतीखालच्या बाकावर, बोलायचे गुडघ्यांबद्दल. मी ठाण्याला खोपटला घर घेतलेलं, तिथून दर रविवारी जायचे. बाबा माझ्याशी नीट बोलायचे, अगदी नीट. भाजी काय आणली, पाणी आलं का, गाडीचं सर्व्हिसिंग झालं का. रागावले असते तर बरं, असं वाटायचं. गोव्याच्या हॉटेलात दुपारी तीन वाजले की काम सुचायचं नाही. खिडकीबाहेर समुद्र, आणि मला आठवायची आमची ती हिरव्या रंगाची सतरंजी आणि "काय टाकू गं ठकू?" चाळीशी आलेल्या बाईने कोणाच्या तरी मांडीला टेकून पत्ते बघावेत असं वाटून घ्यावं का? पण वाटायचं. जिंकलेल्या रात्रींपेक्षा ती हरलेली दुपार हवी होती मला. लोक सेल्फी काढायला यायचे, म्हणायचे, "मॅडम, माझा चेहरा वाचा ना!" एखाद्याला असं काही बोलून गेलेय, की आता लाज वाटते.

मग कायदा बदलला. ऑनलाइन पैशांचे खेळ बंद झाले, त्यांच्या जाहिराती गेल्या, जाहिरातींमागोमाग लीग गेली. फोन वाजायचे थांबले. मी डोंबिवलीला राहायला गेले, चार दिवसांसाठी म्हणून, आणि महिना झाला तरी परतले नाही. आई म्हणाली, "बरंच झालं, मटार तरी सोलून होतील."

एका दुपारी मी आणि आई हॉलमध्ये मटार सोलत बसलेलो. बाबा आतून आले. हातात पत्ते. नवीन कॅट, प्लॅस्टिकही फोडलेलं नव्हतं.

"पाच-तीन-दोन खेळायचं का? तिघं आहोत."

माझ्या हातातली शेंग खाली पडली. आईने परात बाजूला सरकवली.

बाबांनी वाटले. पाच हात करायची पाळी आईची, मला तीन, बाबांना दोन. मी सवयीने त्यांच्याकडे बघितलं, आणि मला तिथे काही सापडेना. चष्मा हलला नाही. पानं एकदा बघून त्यांनी हातात मिटवून धरली, पुन्हा निरखत बसले नाहीत. श्वास एका लयीत. माझी पानं पाहून मी काय करते, हे मात्र ते शांतपणे बघत होते. दोन करायचे तिथे त्यांनी पाच हात केले आणि माझा एकच झाला. पूर्वी यावर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता पानं गोळा केली आणि नीट जुळवून ठेवली.

"कुठे शिकलात हे?" मी विचारलं.

उत्तर आईने दिलं. "तुझंच सगळं बघत असतात मोबाइलवर. ते समालोचन. वही केलीय त्याची. आवंढा गिळायचा नाही, दोनदा बघायचं नाही, काय काय लिहिलंय. दोन वर्षं चाललंय. आरशासमोरसुद्धा बसतात."

"उगाच," बाबा म्हणाले. तेही सरळ चेहऱ्याने.

मला रडू यायला लागलं. हा माणूस आयुष्यात एक गोष्ट लपवू शकला नव्हता, आणि तोच माझ्यापासून लपायला शिकला होता, माझ्याचकडून शिकून. पाच फूट अंतरावर बसले होते बाबा. माझ्याशी खेळावं म्हणून हे केलं की मला दाखवायला केलं, मजा येतेय की झालं गेलं अजून सलतंय, काही म्हणता काही कळत नव्हतं. मी खूप बघितलं. शेवटी जे मला कधी करावं लागलं नव्हतं ते केलं. तोंडाने विचारलं.

"बाबा, माझ्यावर रागावलात का अजून? माझं चुकलं हो."

त्यांनी पत्ते पिसायचं थांबवलं. मग चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाला पुसला.

"दोन वर्षं वाट बघतोय," ते म्हणाले, "तू हे विचारशील म्हणून."