मानपान नावाचा पॅरामीटर

फ्रेम वर येईना. लक्ष्मीअक्काने ती दोन्ही टोकांना धरून हलक्या हाताने ओढून पाहिली, मग जरा तिरकी करून पाहिली. मधमाश्यांच्या पेटीत लाकडी चौकटी उभ्या टांगलेल्या असतात, त्यांना फ्रेम म्हणतात. एकेका फ्रेमवर माश्या एकेक पोळं बांधतात, आणि कपाटातल्या फाइलसारखी ती सुटी बाहेर यायला हवी. इथे सगळ्या फ्रेम एकमेकींना आणि भिंतींना मेणाने चिकटून बसल्या होत्या. गणेशगुडीजवळच्या एका रिसॉर्टचे मालक किरणसाहेब गाडीत बसून, काच बोटभर खाली करून, मार्गदर्शन करत होते.

"जोर लावा अक्का, जोर."

अक्काने जोर लावला नाही, तरी पोळं फाटलंच. मध खाली गळला, त्यात पांढऱ्या अळ्या होत्या. माश्यांचा आवाज एकदम चढला.

"ही पेटी तुमी केली व्हय, पोरी?" अक्काने मला विचारलं.

पेटीवर आमच्या वर्कशॉपचं नाव ठळक कोरलेलं होतं. मी मान डोलावली. मला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त राग आला. तो का, हे सांगायला थोडं मागे जावं लागेल.

मी रामनगरला एका लाकूडकामाच्या वर्कशॉपमध्ये डिझाइन बघते. खिडक्या, कपाटं, मधपेट्या. प्रत्येक गिऱ्हाइकाचं माप वेगळं असतं. दर वेळी नवं ड्रॉइंग काढत बसण्यापेक्षा मी कॉम्प्युटरवर एकच मॉडेल करून ठेवते. त्यातली मुख्य मापं बदलता येतात, त्यांना पॅरामीटर म्हणतात. एक बदललं की बाकीच्यांनी काय करायचं हे आधी समीकरणं घालून ठरवायचं. याला आम्ही रिलेशन म्हणतो. हे घरातल्यासारखंच आहे. कोण कोणाचं ऐकणार हे आधी ठरलेलं असलं की भांडणं कमी होतात.

मधपेटीत फ्रेमची लांबी पेटीच्या लांबीचं ऐकते. झाकण पेटीच्या रुंदीचं ऐकतं. एक माप मात्र कोणाचंच ऐकत नाही: फ्रेमच्या बाजूने माशीला चालायला ठेवलेली फट. ती एका सेंटिमीटरपेक्षाही कमी असते. फट फार अरुंद झाली तर माशी आत शिरू शकत नाही. रुंद झाली तर तिला वाटतं जागा वाया चालली आहे, आणि ती तिथेही पोळं बांधून टाकते. पेटी मोठी केली म्हणून माशी मोठी होत नाही. हे समजायला पदवी लागत नाही. न समजायला मात्र रिसॉर्ट लागतं.

किरणसाहेबांनी 'हनी एक्स्पीरियन्स' काढला होता. पाहुण्यांनी डेकवर बसायचं, समोर पेटी उघडायची, मध काढून दाखवायचा. माश्या लक्ष्मीअक्काच्या. अक्का उळवीच्या बाजूच्या डोंगरातली. झाडांच्या ढोलीतून सातेरी माश्या काढून तिने परसात वाढवल्या होत्या. करार केला होता, पण अट तिची होती: आधी एकच वसाहत आणणार, ती टिकली तरच बाकीच्या. कारण सातेरी माशी चिडली की भांडत बसत नाही. राणीसकट सगळ्या उडून जातात, आणि परत यायचं नाव नाही.

साहेबांची तक्रार एवढीच होती की नेहमीची पेटी फोटोत चपलेच्या खोक्यासारखी दिसते.

"दीडपट कर," आमचे मालक परशरामअण्णा मला म्हणाले.

"बाहेरून करते. आतली फट आहे तेवढीच राहील."

"ती पण कर की. सगळं एका प्रमाणात दिसाय पायजे. झेरॉक्सवर मोठं करतात की न्हाई?"

"झेरॉक्समध्ये माश्या राहायला जात नाहीत, अण्णा."

"मॅडम, गिऱ्हाईक तुमी हाय की ते?"

अण्णा मला 'मॅडम' म्हणाले की चर्चा संपली असं समजायचं. मी फटीचं माप मॉडेलमध्ये लॉक करून ठेवलं. पण कटिंग मशीनच्या फाइलला मॉडेल लागतच नाही. माझ्या सुट्टीच्या दिवशी अण्णांनी ऑपरेटरला सांगून ती फाइल सरळ ताणून घेतली. पेटी दीडपट, फ्रेम दीडपट, फट दीडपट. प्रमाण अगदी बघत राहावं असं. माश्यांनी ती जादा जागा बघितली आणि कष्टाळू जमात ती, मेणाने भरून काढली.

आणि आता अक्का फाटलेलं पोळं हातात धरून उभी होती.

"माज्या माश्या मी घरला न्हेते," ती म्हणाली. "तुमची हवेली तुमास लखलाभ."

"अहो अक्का, बोर्ड लागलाय बाहेर," साहेब काचेच्या फटीतून म्हणाले.

"बोर्डावर माश्या बसत न्हाईत."

"लहान पेटी चालणार नाही. लांबून दिसली पाहिजे."

"माश्यास्नी लांबून काय बघायचं न्हाई."

दोघांचं ऐकताना माझ्या लक्षात आलं की भांडण मुळात नाहीच. साहेबांना बाहेरून मोठी हवी, माश्यांना आतून होती तशी. अडचण माझ्या मॉडेलमधल्या एका समीकरणाची होती: बाहेरचं माप म्हणजे आतलं माप अधिक फळ्यांची जाडी. आत आणि बाहेर यांची गाठ मीच मारली होती. ती सोडायची. नेहमीची पेटी ठेवायची आणि तिच्यावर नुसतं शोभेचं दुसरं आवरण चढवायचं. समोरची फळी दोन्हींना एकच, म्हणजे माश्यांचं दार जागचं हलणार नाही. वाढायचं ते बाजूंना, मागे आणि वर.

हे मी साहेबांना समजावून सांगितलं.

"आतली पेटी बाहेरून दिसणार नाही ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आत काय करायचं ते करा."

अक्काने माश्या सोबत आणलेल्या तिच्या जुन्या पेटीत हलवल्या. राणी त्यात आली की फाटाफाटीत मेली, ते कळलं नाही. "चार दिस बघते," ती म्हणाली. "उडाल्या तर माजं नाव घिऊ नका."

मी नेहमीच्या मापाची नवी पेटी आणि तिच्यावर आवरण केलं. त्याच्या मापाला मॉडेलमध्ये 'मानपान' असं नाव दिलं आणि कशाशीही रिलेशन ठेवलं नाही. अण्णांनी विचारलं, "दीडपट हाय न्हवं?" "बाहेरून पूर्ण दीडपट," मी म्हटलं. अण्णा खूश झाले.

पुन्हा रिसॉर्टवर गेले तेव्हा अक्का जुन्या पेटीच्या दाराशी उकिडवी बसली होती. माश्या पायांना पिवळे पराग लावून आत जात होत्या. वसाहत टिकली की पराग आत यायला लागतात, कारण ते खाणारी पिल्लं आत असतात, आणि पिल्लं आहेत म्हणजे राणी आहे.

"ऱ्हायल्या," अक्का म्हणाली.

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथेच तिच्याशेजारी मातीत बसले. मग आम्ही दोघींनी मिळून फ्रेम नव्या पेटीत हलवल्या. त्या सुट्या निघाल्या, सुट्या बसल्या. पाऊस सरल्यावर अक्काने बाकीच्या वसाहतीही आणल्या.

साहेब आता पाहुण्यांना सांगतात की ही कल्पना त्यांची. पेटी मोठी म्हणून मध जास्त, असंही सांगतात. अक्का ते ऐकते आणि मध काढत राहते. परवा त्यांचा फोन आला.

"मॅडम, अजून मोठी होईल का?"

"होईल ना."

मी मॉडेल उघडलं आणि मानपान दुप्पट केला. अण्णा मागे उभे राहून स्क्रीन बघत होते. आतलं एकही माप हललं नाही.

"बघ," अण्णा म्हणाले, "मी तवाच म्हटलो हुतो, नुसता आकडा बदलायचा असतोय."

तेव्हापासून मी प्रत्येक मॉडेलमध्ये एक मानपान ठेवते. तो कशालाही जोडत नाही, आणि मालक मंडळींना तेवढाच बदलायला देते. बाकीची मापं मग निवांतपणे आपलं काम करतात.