नॅटने उलटा बसवलेला दगड

नॅट हेस्लॉपचा गडगा ढासळल्याचं थॉर्नलॉ गावात कोणाच्या ऐकिवात नव्हतं. चाळीस वर्षं त्याने डोंगरउतारावर गडगे रचले. चुना नाही, सिमेंट नाही, नुसता दगडावर दगड. मेंढ्यांनी अंग घासून पाहिलं, बर्फाने रेटून पाहिलं, एकदा तर टपालाची गाडी येऊन धडकली. दुरुस्तीला गाडी न्यावी लागली.

या धंद्याचा एक नियम आहे. हातात घेतलेला दगड पुन्हा खाली टाकायचा नाही, त्याची जागा शोधून तो बसवायचाच. नॅटने हा नियम जन्मभर पाळला आणि दगडापुरताच ठेवला नाही. त्याची बहीण डोरा म्हणायची, "याने तोंडातून काढलेला शब्दही कधी परत घेतला नाही. मग तो कितीही बिनडोक असो."

आता नॅट शहात्तरचा झाला होता आणि त्याच्या नजरेत मधोमध धुकं साचलं होतं. कडेचं दिसायचं, समोरचं नाही. त्याच्याहून तीन वर्षांनी धाकटी डोरा नवरा गेल्यावर आपली किटली आणि आपली मतं घेऊन त्याच्या घरी राहायला आली होती. दोघांचं दिवसभर वाजायचं आणि दोघांनाही त्याशिवाय करमायचं नाही.

एप्रिलमध्ये रोमन छावणीच्या शेतात नांगराला एक कोरीव दगड लागला. थडग्यावरच्या शिळेचा खालचा अर्धा भाग होता तो. गावच्या इवल्याशा संग्रहालयाची मिस प्रिंगल आनंदाने वेडी व्हायची बाकी राहिली. गुरुवारी नॅट बघायला गेला, म्हणजे चाचपायला गेला. तिनेही त्याला हात लावू दिला.

"काय लिहिलंय?" त्याने विचारलं.

"वय वर्षं एकोणतीस. भावाने बहिणीसाठी ही शिळा उभी केली. इतकंच. नाव वरच्या अर्ध्या भागात असणार, आणि तो कुठे गेला देव जाणे. रविवारी शिळा लोकांसाठी ठेवतोय. पाटीवर लिहावं लागणार, नाव अज्ञात."

नॅटची बोटं शिळेच्या कडेवरून वर सरकली. कडेला द्राक्षाची वेल कोरली होती, दर तीन पानांमागे एक घोस. तुटलेल्या जागी घोस अर्धाच राहिला होता.

"उरलेला घोस माझ्याकडे आहे," तो म्हणाला. "म्हणजे, माझ्या एका गडग्यात आहे."

"कुठल्या?"

तेच तर आठवत नव्हतं! पन्नास वर्षांपूर्वीची गोष्ट. लांब, सपाट, देखणा दगड हाती आला, उलटून बघतो तर अक्षरं, कडेला वेल आणि तुटका घोस. सांगितलं असतं तर शहाणी माणसं आली असती, दोऱ्या बांधल्या असत्या, काम महिनाभर बंद. आणि हातात घेतलेला दगड खाली ठेवायचा नाही. त्याने अक्षरं खाली करून तो आरपार बसवला. गडग्याच्या दोन्ही अंगांना एकत्र धरणारे लांब दगड असतात ना, दोन्हीकडे चार-चार बोटं बाहेर डोकावणारे, तसा.

"वरच्या दोन कोपऱ्यांत दोन अक्षरं असतील," मिस प्रिंगल घाईघाईने म्हणाली. "डावीकडे डी, उजवीकडे एम. पितरांना वंदन करूनच हे लोक सुरुवात करायचे. आठवा ना, मिस्टर हेस्लॉप!"

घरी चहाच्या वेळी त्याने डोराला सगळं सांगितलं. "त्या पोरीला मी दुसऱ्यांदा पुरलं, डोरा. तिच्या भावाने नाव लिहून ठेवलं आणि मी ते चिखलाकडे तोंड करून ठेवलं. चाळीस मैल गडगे रचलेत मी. कुठला म्हणून शोधू?"

"त्या दिवसाचं काहीच आठवत नाही?"

"घाईत होतो, एवढं आठवतं. त्या दिवसाचा तो शेवटचाच दगड. तो बसवला आणि सुटलो पळत."

"तू? घाईत?" डोराने कप खाली ठेवला. "अरे, तू आयुष्यात एकदाच पळालायस! माझ्या लग्नाला!"

"तुझ्या..."

"पाऊण तास उशीर! पाद्री जांभया देतोय, नवरदेव घामाघूम, आणि हे आमचे बंधुराज बूट न पुसता आत! चर्चभर काळेकुट्ट ठसे, आणि माझ्या झग्याच्या काठालाही!"

"झालं सुरू. पन्नास वर्षं तेच ऐकतोय."

"मग आजही ऐक! काळे ठसे, नॅट. तांबडे नाहीत, पिवळे नाहीत. इथे काळा चिखल आहे कुठे?"

नॅट ताडकन उठला. खुर्ची मागे आडवी झाली. "दलदलीकडचा गडगा! रॉबसनचा!"

"धुऊन धुऊन हात दुखले माझे, तरी तो डाग गेला नाही," डोरा म्हणाली, पण तीही कोट चढवतच होती.

रॉबसनचा तो गडगा सहाशे पावलं लांब. नॅट एका अंगाला गुडघ्यांवर, डोरा दुसऱ्या अंगाला वाकून, मध्ये दगड. प्रत्येक आरपार दगडाखाली दोघांनी हात घालायचा, चाचपायचं, पुढे सरकायचं. वारा बोचत होता. गोगलगायी हाताला लागत होत्या.

"काही आहे?" नॅट ओरडायचा.

"शेवाळ!" पलीकडून उत्तर यायचं. "आणि माझी कंबर गेली कामातून. दगडावर खूण करायची सोडून माझ्या लग्नाला पळालास, तिथेच चुकलं!"

अर्धा गडगा संपला. नॅटची बोटं बधिर झाली. आणि मग एका दगडाखाली बोट खोबणीत घसरलं. एक उभी सरळ रेघ. तिला जोडून गोल पोट. त्याने पुन्हा फिरवलं. पोटच.

"डोरा! इथे ये! माझ्या समोरच्या दगडाखाली हात घाल!"

"आले, आले. थांब. खाच आहे रे. वर जाते, खाली येते. परत वर, परत खाली." मग डोरा किंचाळली. "एम! नॅट, एम आहे! देवाशपथ, एम!"

दोघं गडग्याच्या दोन अंगांना उभे राहून वेड्यासारखे हसत होते. दोघांच्याही डोळ्यांना पाणी आलं होतं.

रॉबसनने गडगा उघडायला हो म्हटलं, पण त्याला आधी मेंढ्या दुसऱ्या रानात हलवायच्या होत्या, त्यामुळे मुहूर्त निघाला थेट रविवारी सकाळचा. मिस प्रिंगल कॅमेरा घेऊन हजर झाली आणि म्हणाली की कामगार बोलावते.

"हा गडगा माझा आहे," नॅट म्हणाला. "माझ्याशिवाय कोणी उघडायचा नाही."

पन्नास वर्षांत ज्याचा एक खडाही हलला नव्हता, तो गडगा त्याने स्वतःच्या हाताने वरून उतरवला. काम सावकाश करायचं ठरलं होतं, पण त्याचे हात काही ऐकेनात. आरपार दगड मोकळा झाला, चौघांनी मिळून तो गवतावर उलटा केला. कोणी वाचून दाखवायच्या आधीच नॅट गुडघ्यांवर बसला आणि बोटाने एकेक अक्षर चालत गेला.

"से, नो, वा, रा," तो म्हणाला. "सेनोवारा." मग जोरात, वाऱ्याच्याही वर, "सेनोवारा!"

दुपारी संग्रहालयात दोन्ही तुकडे एकमेकांना लागले. द्राक्षाचा घोस पुरा झाला. मिस प्रिंगलने जुनी पाटी फाडून टाकली. सगळं गाव जमलं होतं, फक्त नॅटचा पत्ता नव्हता. गडग्याला भगदाड ठेवून तो येणार कसा? ते बुजवून, वरचा थर पुरा करून मगच तो निघाला आणि पाऊण तास उशिरा, धापा टाकत, तसाच आत शिरला. थेट शिळेपाशी गेला आणि नावावर हात ठेवून उभा राहिला.

दारापासून शिळेपर्यंत नव्या फरशीवर काळेकुट्ट ठसे उमटले होते. झाडलोट करणारी बाई फडकं घेऊन धावली. डोराने तिचा हात धरला.

"राहू दे गं," ती म्हणाली. "ते पुसून जात नाहीत."