आखाजीला आलेला जेसीबी

साक्रीकडून आमच्या गावात येणारा कडुनिंबांचा रस्ता ग्रामपंचायतीचा. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांत गुंतलेली. लोक मुद्दाम गाड्या थांबवून फोटो काढत. तो रस्ता बांधकाम खात्याच्या ताब्यात द्या, असं वरून आलं. ताबा गेला की रस्ता रुंद होणार आणि झाडं आडवी होणार, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं. मी तेव्हा पंचायतीत सदस्य होते. ग्रामसभेत खात्याच्या साहेबांनी "विकास, विकास" लावलं आणि खुर्च्या उडाल्या. एक माझ्या खांद्यावर बसली, मी ती उचलून परत भिरकावली. ठराव झाला : रस्ता द्यायचा नाही.

सगळ्यात जास्त जीव जळत होता माझ्या नणंदेचा. वेशीजवळचा पहिला निंब तिच्या वडिलांनी लावलेला. आईबाप गेल्यावर ती दर आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, माहेरी यायची ती आधी त्या निंबाच्या झोक्यावर बसायची. म्हणायची, "तुन्हं घर मंग, पहिले मना बाप."

खात्यानं रुंदीकरणाला नेमलेला ठेकेदार शेजारच्याच गावचा. आखाजीला आमचे पुरुष पत्त्यांवर बसले की घर पेटलं तरी उठत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक. ठरावाला न जुमानता त्यानं तोच दिवस धरला. पण त्याच दिवशी साऱ्या माहेरवाशिणी रस्त्यावर झोक्यांवर असतात, हे मेला विसरला!

जेसीबी निंबापुढे थांबला. नणंद झोक्यावर. "उतरा बाई," ठेकेदार ओरडला.

"हाई झाड मना बापनी लायेल शे. मी उतरनार नई."

त्यानं हात केला. मशीननं खोडाला धडक दिली. फांदी कडाडली आणि झोक्यासकट तिच्या अंगावर आली. मांडीचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला.

मग कसलं भान! बायांनी झोक्यांचे पाट सोडवून हातात घेतले. काचा फुटल्या, ड्रायव्हरला केस धरून खाली ओढलं. मी ठेकेदाराच्या तोंडावर पाट हाणला, दोन्ही हातांनी, पुन्हा पुन्हा. त्याचे दात धुळीत पडले. माझे मालक पत्ते टाकून धावत आले. "सोड, मरी जाई तो!" त्यांनी मनगट धरलं, मी त्यांनाही चावले. पोलीस आले तेव्हा माझ्या लुगड्यावर नणंदेचं रक्त कुठलं आणि त्याचं कुठलं, सांगता येत नव्हतं.

मारामारीचा बोभाटा झाला आणि खात्यानं माघार घेतली. रस्ता आमचाच राहिला. पण त्या निंबाची मुळं उखडली होती, तो घरांवर कलला होता. ताबा आमचा, म्हणून तोडायचं आम्हालाच ठरवावं लागलं. मीही तोडण्याच्या बाजूनं हात वर केला.

धुळ्याच्या दवाखान्यात नणंदेनं विचारलं, "झाड शे ना?"

मी खरं सांगितलं. तिनं माझ्या थोबाडीत मारली. मी गाल पुढेच ठेवला.

पुढच्या आखाजीला तिला आणायला मालक स्वतः गेले. ती काठी टेकत दारापर्यंत आली आणि म्हणाली, "कोनाकडे येऊ मी?"